विद्यार्थी कथापटाच्या संकलनाला सुरुवात : पहिला कट लावण्याआधी काय काय करावे?

अंतिमवर्ष (धागाकर्ती)

नमस्कार. चित्रपटशिक्षणाच्या अंतिम प्रकल्पासाठी आमच्या गटाने साधारण पंधरा मिनिटांचा कथापट चित्रित केला आहे. वडिलांच्या पश्चात त्यांची खोली आवरायला आलेले भाऊ आणि बहीण एवढीच पात्रे आहेत, आणि बहुतेक सर्व प्रसंग त्या एकाच खोलीत घडतात. चित्रीकरण संपले असून संकलनाची जबाबदारी माझ्याकडे आहे. आजवर मी वर्गातील छोटे सराव संकलित केले. त्यांत फुटेज इतके मोजके असे की कोणता टेक (एकाच शॉटचे एक चित्रीकरण) कुठे आहे हे लक्षात ठेवणे सहज जमत असे. या वेळी ते शक्य नाही.

मुख्य कॅमेऱ्यावरील चित्रीकरण २५ फ्रेम प्रतिसेकंद या दराने झाले आहे. कपाटाच्या आतून घेतलेले आणि जिन्यावरून चालत घेतलेले काही शॉट फोनवर आहेत, कारण तिथे कॅमेरा मावत नव्हता. संवाद वेगळ्या रेकॉर्डरवर बूम (लांब दांड्यावरचा माइक) आणि कपड्यांना लावलेले दोन लेपल माइक वापरून मुद्रित केले आहेत, त्यामुळे कॅमेऱ्यातील आवाज केवळ संदर्भापुरता आहे. टाइमकोड, म्हणजे कॅमेरा आणि रेकॉर्डर यांना एकच वेळ-क्रमांक देण्याची सोय, वापरलेला नाही. बहुतेक शॉटना पाटी (क्लॅपर) आहे. कंटिन्युइटी शीट (प्रत्येक टेकची नोंद) आणि साउंड रिपोर्ट (मुद्रित आवाजाची नोंद) दोन्ही नीट ठेवलेले आहेत.

माझा प्रश्न सुरुवातीविषयी आहे. दिग्दर्शकाला पहिला प्रसंग लवकर जोडून हवा आहे, म्हणजे मार्गदर्शकांना काहीतरी दाखवता येईल. माझा कल मात्र आधी सर्व फुटेज पाहण्याकडे आहे, आणि ते पाहण्यात किती वेळ घालवणे योग्य ठरेल याचा अंदाज येत नाही. सिंक, म्हणजे चित्र आणि आवाज यांची जुळवणी, आधी करावे की प्रसंग जोडताना लागेल तसे करावे? फोनवरील शॉटचे काय करावे? आणि दिग्दर्शकाने पहिल्या दिवसापासून माझ्या शेजारी बसावे का? ज्यांनी हा टप्पा पार केला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कातरकाम

तुमचा कल योग्य आहे. फुटेज पाहण्यात घालवलेला वेळ संकलनाचाच वेळ असतो, हे दिग्दर्शकाला सुरुवातीलाच सांगा. मात्र पाहायला बसण्याआधी ते सुरक्षित आहे की नाही, याची खात्री करून घ्या.

सर्व मूळ फायलींच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणुकीवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. संगणकात लावलेली हार्ड डिस्क आणि त्याच पिशवीत ठेवलेली दुसरी हार्ड डिस्क यांना दोन ठिकाणे म्हणता येत नाही. प्रत काढताना फायली नुसत्या ओढून टाकू नका. चेकसम (फाइलीतील माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) पडताळून पाहणारे साधन वापरा, कारण अर्धवट उतरलेली फाइल फोल्डरमध्ये दिसते अगदी पूर्ण फाइलीसारखीच, आणि दोष कळतो तो थेट तो शॉट टाइमलाइनवर घेतल्यावर. कार्डावरील फोल्डरांची रचना जशी आहे तशीच ठेवा. अनेक कॅमेरे एकच लांब टेक अनेक फायलींत तोडून लिहितात आणि त्या जोडण्याची माहिती शेजारच्या छोट्या फायलींत ठेवतात; केवळ चित्राच्या फायली उचलल्या तर तो दुवा तुटतो. मूळ फायलींची नावेही बदलू नका. वर्णनात्मक नावे द्यायची असतील तर ती संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपला द्यावीत, म्हणजे पुढे कलर ग्रेडिंगच्या वेळी मूळ फाइल पुन्हा जोडताना अडचण येत नाही.

त्यानंतर प्रकल्प उघडा आणि काहीही आत घेण्याआधी फ्रेमदर २५ असल्याची खात्री करा, कारण काही सॉफ्टवेअरमध्ये फायली आत घेतल्यावर हा दर बदलता येत नाही. प्रसंगानुसार बिन (सॉफ्टवेअरमधील क्लिपचे फोल्डर) तयार करा आणि प्रत्येक बिनमध्ये शॉट व टेक यांच्या क्रमाने क्लिप लावा.

आता पाहण्याविषयी. पहिल्यांदा फुटेज पाहताना जे वाटते ते पुन्हा कधीच वाटत नाही. एखाद्या टेकला अंगावर काटा आला, एखाद्या ठिकाणी लक्ष उडाले, एखादे वाक्य खोटे वाटले, तर त्याच क्षणी वेळेसह लिहून ठेवा. प्रेक्षक हा चित्रपट एकदाच पाहणार आहे, आणि त्याच्या जागी बसण्याची संधी संकलकाला याच एका पाहणीत मिळते. काही आठवड्यांनी तुम्हाला प्रत्येक वाक्य पाठ झालेले असेल आणि कोणता टेक खरा होता हे तुमचे तुम्हाला कळेनासे होईल. त्या वेळी ही वहीच कामी येते. टिपणे तांत्रिक नकोत. ‘फोकस किंचित ढळला’ हे शीटवर आधीच असते. ‘इथे ती त्याच्याकडे न पाहता उत्तर देते, आणि तिचा राग मला पटतो’ असे लिहा.

बूममाइक

सिंकविषयी मी लिहितो. सर्व क्लिप आधी सिंक करा आणि मगच पाहायला बसा. कॅमेऱ्यातील आवाजावर अभिनय पाहिला तर तुम्ही अभिनयाचा अर्धाच भाग पाहिलेला असतो. दूरच्या, खोलीत घुमणाऱ्या आवाजात एखादा टेक निर्जीव वाटतो आणि तोच टेक बूमवर ऐकला की त्यातील श्वास ऐकू येतो. वर ज्या पहिल्या प्रतिक्रियेचा उल्लेख आला आहे, ती चुकीच्या आवाजावर बेतलेली असू नये.

संदर्भ आवाज उपलब्ध असल्यामुळे सॉफ्टवेअर आवाजाच्या आलेखावरून बहुतेक क्लिप आपोआप जुळवून देईल. तरीही प्रत्येक क्लिप डोळ्यांनी तपासा. पाटीच्या दोन पट्ट्या ज्या फ्रेममध्ये पहिल्यांदा एकमेकींना टेकतात, त्या फ्रेमवर आलेखातील टोक यायला हवे. जिथे पाटी नाही तिथे ओठ पाहा : प, ब, भ, म यांसारख्या वर्णांना ओठ पूर्ण मिटतात आणि उघडताक्षणी आवाज फुटतो, त्यामुळे अशा शब्दावर जुळवणी अचूक करता येते. २५ फ्रेमच्या दराने एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. एका फ्रेमचा फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही, पण दोन-तीन फ्रेम झाले की प्रेक्षकाला कारण न कळताही अभिनय कृत्रिम वाटू लागतो. काही शॉटना पाटी शेवटी दिली असेल तर ती उलटी धरलेली दिसेल. सुरुवातीला पाटी नाही म्हणून तो शॉट पाटीविना समजू नका. लांब टेक सुरुवातीला आणि शेवटी अशा दोन्ही ठिकाणी तपासा, कारण कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळे वेगळी असतात आणि हळूहळू अंतर पडू शकते.

फोनची अडचण निराळी आहे. बहुतेक फोन एकसमान फ्रेमदराने चित्रीकरण करत नाहीत. प्रकाश आणि फोनवरचा ताण यांनुसार दर थोडा खालीवर होतो, आणि त्यामुळे सुरुवातीला जुळलेला आवाज पुढे सरकत जातो. या फायली आत घेण्याआधी स्थिर फ्रेमदरात रूपांतरित करून घ्या आणि मूळ फायली बाजूला जपून ठेवा. फोनवर ३० फ्रेमचा दर असेल तर २५ च्या टाइमलाइनवर दर सहा फ्रेमांतील एक फ्रेम गळतो आणि जिन्यावरच्या चालत्या शॉटमध्ये तो धक्का नक्की दिसेल. त्या शॉटला संवाद नसेल तर सर्व फ्रेम राखून तो २५ च्या दराने चालवून पाहा. गती सुमारे ८३ टक्के होईल. शोकातून जाणाऱ्या पात्राच्या चालीला हा किंचित संथपणा शोभेलही. तो निर्णय तुमचा आणि दिग्दर्शकाचा.

एक विनंती : बूम, दोन्ही लेपल आणि मिश्र ट्रॅक (सर्व माइकांचा एकत्रित आवाज) हे सर्व सिंक केलेल्या क्लिपसोबत ठेवा. संकलनासाठी मिश्र ट्रॅक पुरेसा असतो, परंतु बाकीचे ट्रॅक तोडून टाकले तर ध्वनिसंयोजन करणाऱ्याला ते पुन्हा एकेक शोधून जुळवत बसावे लागते.

अंतिमवर्ष

दोघांचेही मनापासून आभार. प्रती आणि पडताळणी आजच सुरू केली आहे. दोन शंका आहेत. माझ्या संगणकावर मूळ फायली अडखळत चालतात, त्यामुळे सलग पाहणे अवघड होते. आणि सर्व फुटेज म्हणजे खरोखर सर्व का? कंटिन्युइटी शीटवर दिग्दर्शकाने पसंतीच्या टेकभोवती गोल केलेले आहेत. बाकीचे टेक, म्हणजे जिथे संवाद विसरला गेला किंवा मध्येच थांबावे लागले तेही, पाहणे आवश्यक आहे का?

काळोखप्रकाश

अडखळण्याचे कारण बहुधा फायलीचा आकार नसून तिचा प्रकार आहे. एच.२६४ किंवा एच.२६५ या पद्धतीत बहुतेक फ्रेम स्वतंत्रपणे साठवलेले नसतात, तर आजूबाजूच्या फ्रेमांच्या तुलनेत काय बदलले तेवढेच साठवलेले असते. त्यामुळे मधल्याच एका फ्रेमवर थांबायचे झाले तरी संगणकाला आधीचे अनेक फ्रेम उलगडावे लागतात, आणि संकलक तर दिवसभर मागेपुढेच जात असतो. यावर उपाय म्हणजे प्रॉक्सी, अर्थात मूळ फायलींच्या चालवायला हलक्या प्रती. प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी या प्रकारात १९२० × १०८० आकाराच्या प्रती तयार करा. प्रोरेस प्रॉक्सीला या आकारात आणि २५ च्या दरात तासाभराच्या फुटेजमागे साधारण १७ जीबी जागा लागते, म्हणजे ती सोबतच्या छोट्या डिस्कवर मावेल.

चित्रीकरण लॉग पद्धतीने (रंग नंतर ठरवण्यासाठी कमी कॉन्ट्रास्ट ठेवून) झाले असेल तर चित्र फिकट आणि राखाडी दिसते. प्रॉक्सी तयार करतानाच छायालेखकाने चित्रीकरणाच्या वेळी वापरलेला लट (एलयूटी, म्हणजे रंग बदलणारा ठरावीक तक्ता) लावून घ्या. फिकट चित्र पाहत राहिले की डोळ्यांना त्याची सवय होते, चेहऱ्यावरील भाव कमी वाटतात आणि संकलक नकळत जवळचे शॉट अधिक निवडू लागतो. याउलट या टप्प्यावर प्रत्येक शॉटचा रंग दुरुस्त करत बसणेही टाळा. जे शॉट पुढे वगळले जाणार आहेत त्यांवर ते श्रम वाया जातात.

तळटीप

दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. विद्यार्थी प्रकल्पाला सादरीकरणाची तारीख ठरलेली असते आणि शेवटी ध्वनी व रंग यांच्या वाट्याला वेळ उरत नाही, हे मी अनेक गटांत पाहिले आहे. त्यामुळे गोल केलेले टेक पाहून लगेच पूर्ण चित्रपटाची कच्ची जोडणी करावी असे मला वाटते. जोडणी समोर आली की कोणता प्रसंग दुबळा आहे ते स्पष्ट होते आणि मग त्या प्रसंगापुरते उरलेले टेक हेतुपूर्वक पाहता येतात. सगळे पाहून झाल्यावर जोडायला बसणाऱ्या संकलकाला पर्यायांची इतकी गर्दी होते की तो निर्णयच पुढे ढकलत राहतो. शिवाय दिग्दर्शकाने सेटवर घेतलेला निर्णय प्रसंगाचा आशय जवळून माहीत असताना घेतलेला असतो. त्याचा मान राखला पाहिजे.

कातरकाम

तारखेची काळजी रास्त आहे, आणि फीचर फिल्मच्या प्रमाणात फुटेज असते तर मीही असाच काही मधला मार्ग सुचवला असता. पंधरा मिनिटांच्या चित्रपटाचे फुटेज मात्र काही दिवसांत पूर्ण पाहून होते, म्हणून मी माझ्या मतावर ठाम आहे.

सेटवरील गोल हा त्या दिवशीच्या परिस्थितीतील निर्णय असतो. दिग्दर्शक त्या वेळी प्रकाश मावळतो आहे का, अभिनेता थकला आहे का, ट्रॉली नीट थांबली का, अशा दहा गोष्टी पाहत असतो आणि संपूर्ण टेकला एकच गुण देतो. संकलक टेक अखंड वापरतोच असे नाही. त्याला तिसऱ्या टेकमधील पहिले वाक्य आणि पहिल्या टेकमधील शेवटची नजर हवी असू शकते. संवाद विसरलेल्या टेकमध्ये पुढचे वाक्य आठवण्यासाठी अभिनेत्री क्षणभर थबकलेली असते, आणि ते थबकणे शांत खोलीत एखाद्या खऱ्या संकोचासारखे दिसते. ‘अ‍ॅक्शन’ म्हणण्याआधीचे आणि ‘कट’ म्हटल्यानंतरचे काही सेकंद तर आवर्जून पाहा. त्या वेळी अभिनेते अभिनय करत नसतात, परंतु पोशाख, प्रकाश आणि चौकट सर्व जागेवर असते. नुसते ऐकणे, वाट पाहणे, दमून खाली पाहणे अशा गोष्टी तिथे सापडतात, आणि दोघांच्याच संवादावर उभ्या असलेल्या तुमच्या चित्रपटाला ऐकणाऱ्या चेहऱ्यांची गरज सर्वाधिक पडणार आहे.

आणखी एक कारण आहे. त्या खोलीचा नुसता आवाज, म्हणजे रूम टोन, वेगळा मुद्रित केला नसेल तर तोही याच रिकाम्या सेकंदांतून मिळवावा लागतो.

पर्यायांच्या गर्दीचा जो मुद्दा मांडला आहे, त्यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रसंग पाहून झाला की त्याच दिवशी त्याची निवड वेगळ्या टाइमलाइनवर काढून ठेवा. ओळीनुसार लावा : पहिल्या संवादाचे जे दोन-तीन टेक तुम्हाला भावले ते एकामागोमाग एक, मग दुसऱ्या संवादाचे. अशा रांगेत तुलना क्षणात होते, आणि पुढे दिग्दर्शकाने ‘या वाक्याचा दुसरा टेक आहे का?’ असे विचारले की बिन धुंडाळावा लागत नाही.

तिसरीघंटा

मी दिग्दर्शनाच्या बाजूने लिहिते. पहिली जोडणी संकलकाने एकट्याने करावी आणि दिग्दर्शकाने ती पूर्ण झाल्यावरच पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दिग्दर्शकाला प्रत्येक शॉटमागचे कष्ट आठवत असतात. जो शॉट मिळवायला अर्धा दिवस गेला, तो त्याला महत्त्वाचा वाटतो. पडद्यावर मात्र त्या अर्ध्या दिवसाची कोणतीही खूण नसते. संकलक सेटवर नव्हता, म्हणूनच त्याची नजर मौल्यवान आहे.

मात्र ही गोष्ट गृहीत धरू नका, बसून बोला. जोडणी सुरू करण्यापूर्वी दिग्दर्शकाला प्रत्येक प्रसंगाविषयी एकच प्रश्न विचारा : हा प्रसंग संपल्यावर प्रेक्षकाला काय ठाऊक असावे आणि कोणाविषयी काय वाटावे? शॉट कोणता आधी आणि कोणता नंतर, यावर त्या बैठकीत चर्चा नको. मिळालेली उत्तरे लिहून ठेवा. पुढे मतभेद झाले, आणि ते होणारच, की ‘तुझा शॉट चांगला की माझा’ असा वाद होण्याऐवजी लिहिलेल्या हेतूशी कट ताडून पाहता येतो.

मार्गदर्शकांना काहीतरी दाखवायचे म्हणून पहिलाच प्रसंग घासूनपुसून तयार करू नये. चित्रपटाची सुरुवात किती वेळ घेऊ शकते हे पुढचे सगळे जोडल्याशिवाय कळत नाही. बहुतेक चित्रपटांत सर्वाधिक वेळा बदलला जाणारा भाग सुरुवातीचाच असतो. दाखवायचेच असेल तर मधला एखादा स्वयंपूर्ण प्रसंग दाखवा.

अंतिमवर्ष

सर्व फुटेज पाहून झाले. दिग्दर्शकाशी बैठकही झाली आणि जोडणी मी एकटीने करावी हे त्याने मान्य केले. कट झाल्यानंतरच्या सेकंदांत खरोखरच भावाचा एक शॉट सापडला आहे. तो हातातील खोक्याकडे नुसता पाहत उभा आहे.

आता एका प्रसंगात अडले आहे. बहीण कपाट उघडते, वडिलांचा कोट बाहेर काढते आणि त्याच्या खिशात तिला किल्ली सापडते. भाऊ दारातून विचारतो, “कसली किल्ली?” आणि ती उत्तर देते, “माहीत नाही.” तिला ते माहीत आहे, हे प्रेक्षकाला जाणवायला हवे, असे दिग्दर्शकाने बैठकीत सांगितले होते. लांबच्या शॉटमध्ये किल्ली तिच्या उजव्या हातात आहे. जवळच्या शॉटचा चौथा टेक मला पहिल्या पाहणीत सर्वांत खरा वाटला होता, पण त्यात किल्ली डाव्या हातात आहे. दुसऱ्या टेकमध्ये हात जुळतो, मात्र ती उत्तर फार चटकन देते आणि खोटे बोलते आहे हे उघड होते. जुळणी महत्त्वाची की अभिनय?

कातरकाम

अभिनय. पण त्याआधी जुळणीची समस्या खरोखर दिसते का, ते तपासा. प्रेक्षकाची नजर कटच्या क्षणी जिथे असते तिथेच तो चूक पकडतो. लांबच्या शॉटचा शेवट हातातील किल्लीवर होत असेल आणि लगेच जवळच्या शॉटमध्ये हात चौकटीत असेल, तर ती चूक ठसठशीत दिसेल. म्हणून नजर दुसरीकडे नेऊन मग कट करा.

माझी सूचना अशी : कोटाच्या खिशात हात जातो त्या हालचालीवर लांबच्या शॉटमधून बाहेर पडा आणि कपाटाच्या आतून फोनवर घेतलेला शॉट चौकटीत कोणता हात दिसतो ते पाहून वापरा. तिथून भावाकडे जा, आणि त्याचा प्रश्न त्याच्यावरच पूर्ण होऊ द्या. प्रश्न संपल्यानंतरही भावावर थोडे थांबा. आता ती उत्तर केव्हा देणार याची वाट प्रेक्षक आणि भाऊ दोघेही एकत्र पाहतील. त्यानंतर चौथ्या टेकवर या. प्रेक्षक तिचे डोळे शोधत येईल. हात डावा की उजवा, हे पाहायला त्याला सवड नसेल.

याच जागी दुसरा पर्यायही करून पाहा. “माहीत नाही” हे उत्तर तिच्यावर न दाखवता भावाच्या चेहऱ्यावर ऐकवा आणि शब्द संपल्यावर तिच्याकडे या. अभ्यासक्रमात तुम्ही सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशोव्ह यांचा प्रयोग शिकला असाल : एकाच अभिनेत्याचा एकच चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला की प्रेक्षक त्या चेहऱ्यावर वेगवेगळ्या भावना वाचतो. खोक्याकडे पाहणाऱ्या भावाचा जो शॉट तुम्हाला सापडला आहे, तो या उत्तराला जोडला तर त्याला संशय आला आहे असे वाटेल, जरी अभिनेता त्या क्षणी केवळ पुढच्या सूचनेची वाट पाहत उभा असला तरी. फक्त दोन गोष्टी पाहून घ्या : त्याची नजर ज्या दिशेला आहे ती खोलीतील दोघांच्या जागांशी विसंगत ठरू नये, आणि खोके चौकटीबाहेर राहील इतके चित्र मोठे करता यावे.

दोन्ही रूपे वेगवेगळ्या टाइमलाइनवर ठेवा. जुन्या टाइमलाइनवर बदल करत राहू नका. प्रत्येक मोठ्या बदलाआधी तिची प्रत करा, नावात तारीख घाला, आणि प्रकल्पाची फाइल रोज दुसऱ्या डिस्कवरही ठेवा.

बूममाइक

याच प्रसंगाबाबत एक सांगावेसे वाटते. तो जोडताना त्याखाली कोणतेही तात्पुरते संगीत लावू नका. संगीत लावले की कोणताही विराम भरल्यासारखा वाटतो आणि तो विराम स्वतःच्या बळावर उभा आहे की नाही हे समजत नाही. शिवाय आठवडाभर तेच संगीत ऐकले की संगीतकाराने दिलेले नवे काहीही परके वाटते. आवाज हवेत, पण ते खोलीतले : कपाटाच्या बिजागरीचा, कोटाच्या कापडाचा, किल्लीचा. हे तात्पुरते आवाज जोडणीतच घाला, कारण किल्ली खिशात आधी किणकिणली आणि मग दिसली, तर कट कुठे करायचा हेच बदलते.

पुढच्या टप्प्याचा विचार आतापासून असू द्या. पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे चित्राचे कट अंतिम ठरल्यावर, ध्वनीकडे एएएफ फाइल (टाइमलाइनवरील आवाजाची मांडणी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणारी) आणि संदर्भ चित्रफीत द्यावी लागेल. प्रत्येक ध्वनितुकड्याच्या दोन्ही टोकांना काही सेकंदांचा वाढीव भाग राखा, आणि चित्राच्या पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा टोन ठेवा, म्हणजे परत आलेले मिश्रण अचूक बसले आहे की नाही हे लगेच कळते. संवाद, परिणाम आणि संगीत यांचे ट्रॅक पहिल्यापासून वेगळे ठेवलेत तर हे काम अर्ध्या तासात होते.

अंतिमवर्ष

दुसरे रूप निवडले आहे. उत्तर भावाच्या चेहऱ्यावर ऐकू येते आणि मग चौथा टेक येतो. पूर्ण जोडणीही तयार झाली, पण ती ठरलेल्या पंधरा मिनिटांपेक्षा बरीच लांब आहे आणि मध्यभागी रेंगाळते. दिग्दर्शकाला दाखवण्याआधी ती आटोपशीर करावी का?

कातरकाम

करू नका. पहिल्या जोडणीत पटकथेतील प्रत्येक ओळ असते, म्हणून ती लांब असणारच. दिग्दर्शकाने सर्व काही एकदा पडद्यावर पाहिले पाहिजे. न पाहता वगळलेल्या प्रसंगाची रुखरुख त्याला शेवटपर्यंत राहते आणि तो तो प्रसंग पुन्हा पुन्हा मागत राहतो. अखंड पाहा, मध्ये थांबवू नका आणि त्या दिवशी एकही बदल करू नका.

त्यानंतर रफ कट (पहिल्या जोडणीनंतरचे सुधारलेले कच्चे रूप) झाला की पटकथा न वाचलेल्या दोघा-तिघांना बोलवा. त्यांना आवडले का असे विचारू नका. किल्ली कशाची होती असे त्यांना वाटते, आणि तिला ते ठाऊक होते का, एवढेच विचारा. आणि पाहताना त्यांच्या मागे बसा, म्हणजे ते कुठे चुळबुळ करतात हे त्यांनी न सांगताही कळेल. मध्यभाग कुठून कापायचा याचे उत्तर बहुधा तिथेच मिळेल. ते कापून झाल्यावर, आणि दिग्दर्शकाने लांबी लेखी मान्य केल्यावरच, ध्वनी आणि रंग यांच्याकडे फायली पाठवा.